पाटी माझ्याच अक्षरातली

ही गोष्ट घरात कोणाला ठाऊक नाही. वाचनालयात तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे? — ठरवलं आणि बसले, एवढंच.

शनिवार पेठेतल्या एका लहान वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. दुपारी एक ते चार आम्ही बंद. मी हडपसरहून येते. मधल्या वेळात घरी जाऊन परत कोण येणार? आतून कडी लावायची, डबा खायचा, पुस्तकं जागेवर ठेवायची. गेल्या वर्षी या वेळात मला एका रहस्यमालिकेचं वेड लागलं — हो, पुस्तकाचा कोपरा दुमडला म्हणून वाचकांना झापणाऱ्या बाईला. सात भाग एका चोरट्या साइटवरून उतरवले आणि वाचनालयाच्या संगणकावर पाहिले. चोरी म्हणायचं का याला? तेव्हा मी म्हणत नव्हते.

आता नानांबद्दल. नाना निवृत्त शिक्षक, रोज सकाळी हौसेने कामाला येणारे. तीन वर्षं एका बोटाने टाइप करत त्यांनी सगळ्या पुस्तकांची यादी संगणकात घातली. कार्डावरचं नाव पुसट असेल तर कपाटातून पुस्तक काढून ताडून पाहायचे. यादीची प्रत त्यांच्या पेन ड्राइव्हवर, आणि तो कायम संगणकालाच लावलेला — काढला तर हरवेल म्हणून. फक्त छपाईसाठी तेवढा झेरॉक्सच्या दुकानात न्यायचे. काम पुरं झालं, जुनी कार्डं रद्दीत गेली.

मग आठवा भाग, म्हणजे शेवटचा, मी उतरवला. उघडला — आत भाग नव्हताच. पडदा क्षणभर काळा झाला, पुन्हा नीट झाला. मी फाइल काढून टाकली आणि डबा धुवायला गेले. चार वाजता यादी उघडेना. पेन ड्राइव्हवरचीही नाही.

मला कळलं नव्हतं का? कळलं होतं. तिथल्या तिथे.

संध्याकाळी आमचे चिटणीस आले, नानांनाही बोलावून घेतलं. "नाना, हा पेन ड्राइव्ह गावभर हिंडवून आणायचा आणि इथे खुपसायचा. छान! व्हायरस काय, पत्रिका पाठवून बोलवावा लागतो?" नाना गप्प. मीही गप्प. फरक एवढाच, की नानांना ते पटलं होतं.

इथपर्यंत भित्रेपणा म्हणता येईल. पुढचं सांगायला मला — असो, सांगतेच. दुसऱ्या दिवशी नाना माझ्या टेबलापाशी उभे राहिले. "बाई, माझ्यामुळे तुमचं काम वाढलं. माफ करा."

मी म्हटलं, "असू दे हो नाना. होतं असं कधीकधी."

म्हणजे मी त्यांना माफ केलं. मी — त्यांना. याला काय म्हणायचं?

मग चिटणीसांनी पाटी लावायला सांगितली. माझं अक्षर चांगलं आहे. 'परवानगीशिवाय संगणकास हात लावू नये. सूचना सर्वांसाठी आहे.' सर्वांसाठी म्हणजे कोणासाठी, हे सगळ्यांना माहीत होतं. मी ती ठळक मार्करने लिहिली आणि वाकडी दिसली म्हणून काढून पुन्हा सरळ चिकटवली.

यादी आता मी नव्याने करते, एक ते चार. चिटणीस सभेत माझं कौतुक करतात. नानांच्या निम्म्यानेही काम झालेलं नाही. पुस्तकाच्या पाठीवरचं नाव पुसट असेल तर मी उघडून ताडून पाहत बसत नाही.

नाना अजून येतात. काम मागत नाहीत. पेपर वाचतात, नीट घडी घालून ठेवतात. परवा फार उकडत होतं. ते उठून भिंतीपाशी गेले आणि बटणाजवळ थांबून त्यांनी विचारलं, "बाई, पंखा लावू का?"

"लावा ना," मी म्हटलं, आणि टाइप करत राहिले.