मास्तरांचा कान

मास्तर शिकवायला कधी कुठल्या शाळेत गेले नव्हते, शिकायलाही फारसे गेले नव्हते. पण बोटींच्या त्या यार्डात ट्रेलरच्या ब्रेकचा विषय निघाला की मालकिणीपासून क्रेनवाल्यापर्यंत सगळे एकच म्हणायचे, मास्तरांना विचारा. सून त्यांच्या हाताखाली आठ वर्षं काम करत होती. घरी बाबा म्हणायचं आणि शेडमध्ये मास्तर, हा नियम त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात घालून दिला होता. ते तिला दोन्हीकडे ‘पुस्तक’ म्हणत, कारण ती डिप्लोमा करून आली होती.

बोटीच्या ट्रेलरच्या ब्रेकला वेगळं पेडल नसतं. पुढची गाडी मंदावली की मागचा ट्रेलर तिच्यावर रेलतो, गाडीला जोडणाऱ्या दांडीतली नळी आत सरकते, ऑइल चाकांकडे ढकललं जातं आणि ब्रेक लागतात. रचना साधी आणि हुशार आहे. फक्त गाडी मागे घेतली की ट्रेलरला तेही रेलणंच वाटतं आणि तो चाकं आवळून बसतो. म्हणून दांडीत विजेवर चालणारा एक छोटा व्हॉल्व बसवलेला असतो. मागचा गिअर टाकला की त्याला करंट मिळतो, तो ‘टक्’ असा वाजतो आणि ऑइलची वाट अडवतो. तो वाजला नाही तर बिघाड विजेत, वाजला तर पुढे ऑइलच्या रस्त्यात.

त्या ‘टक्’वर मास्तरांचं सगळं नाव उभं होतं. ते दांडीला कान लावायचे, एक हात वर करायचे आणि अख्खं यार्ड गप्प व्हायचं. सुनेने करंट तपासायचा मीटर विकत आणला तेव्हा गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, “मीटर बहिऱ्यांसाठी असतो. तुला काय झालंय?”

शिकवण्याची त्यांची रीत अशीच होती. पहिल्या वर्षी तिच्या हातून एक बोल्ट पडला तेव्हा त्यांनी तिला दोन तास वाळू चाळायला लावली. बोल्ट त्यांच्या खिशात होता. तो काढून त्यांनी टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “आता जन्मात पाडणार नाहीस.” तिने खरंच पुन्हा कधी पाडला नाही. तिचे वडील एकदा भेटायला आले तेव्हा ती ट्रेलरखाली होती. मास्तरांनी तिला बाहेर येऊ दिलं नाही. वडील हातात पिशवी घेऊन उभे, आणि मास्तर खाली वाकून तिला एकामागून एक प्रश्न विचारतायत. तिसऱ्या प्रश्नाला ती चुकली. “काय हो, पोरीला शिकवलंत तरी काय?” वडील हसल्यासारखं करून पाणीही न पिता निघून गेले. तिला खालून फक्त त्यांच्या चपला दिसल्या, वळून दाराकडे जाणाऱ्या.

आणि याच माणसाने, तिचं बोट जॅकखाली चेंगरलं तेव्हा, हॉस्पिटलपर्यंत तिचा हात स्वतःच्या खांद्यावर उंच धरून ठेवला होता. रक्त त्यांच्या कॉलरमधून आत उतरत होतं आणि ते तिला वाटभर शिव्या घालत होते. तिने ही गोष्ट विसरायचा प्रयत्न केला होता. जमलं नव्हतं.

मास्तरांना बारीक आवाज ऐकू येत नाहीत हे तिला वर्षभरापूर्वी कळलं. बोलणं कळायचं, हातोडी कळायची, पण मोबाईल उशाशी किणकिणत राहायचा आणि ते शेजारी शांतपणे पेपर वाचत बसायचे. तिने जहाजावर असलेल्या नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “वय झालंय त्यांचं. जाऊ दे ना.” तिने जाऊ दिलं. मास्तर दांडीला कान लावत, ती त्यांच्यामागे उभी राही, आणि ते चुकले की संध्याकाळी गुपचूप दुरुस्त करून ठेवी. असं वर्षभर चाललं.

मग दातांच्या डॉक्टरीणबाईंचा ट्रेलर आला. पुढे नीट चालायचा, पण थांबवून लगेच मागे घेतला की चाकं जाम. मास्तरांनी कान लावला आणि व्हॉल्व मेलाय म्हणून नवा घातला. ट्रेलर परत आला. त्यांनी पुन्हा नवा घातला. तो पुन्हा आला, तेव्हा मालकीणबाई स्वतः शेडमध्ये आल्या.

“मास्तर, आज ओहोटी लागायच्या आत ही बोट पाण्यात गेली नाही, तर शेड रिकामी करा. मी दुसरा माणूस बघितलाय.”

शेडच्या वरच्या दोन खोल्यांत त्यांचं घर होतं. ओहोटीला तीन तास होते.

पहिल्यांदाच परत आला तेव्हा सुनेने चाकाला हात लावून पाहिला होता. चटका बसला होता. व्हॉल्वचा यात काही संबंध नव्हता. दांडीकडून चाकांकडे जाणारी रबरी नळी आतून फुगली होती. ऑइल दाबाने पुढे जायचं पण परत यायचं नाही, त्यामुळे लागलेले ब्रेक लवकर सुटायचे नाहीत. नवी नळी चार दिवसांपासून तिच्या पिशवीत होती.

मास्तर दांडीखाली आडवे झाले. इंजिन बंद होतं, फक्त किल्ली फिरवून मागचा गिअर टाकलेला. त्यांनी हात वर केला. क्रेनवाला, ड्रायव्हर, डॉक्टरीणबाई, मालकीणबाई, सगळे गप्प झाले.

टक्.

“मेलाय,” मास्तर म्हणाले. “हाही मेलाय. हल्ली मालच रद्दी येतो.”

डॉक्टरीणबाईंनी भुवया उंचावल्या. “पण आत्ता तर वाज—”

“नाही वाजला, मास्तर,” सून म्हणाली. “मलाही नाही आला आवाज.”

क्रेनवाल्याने तिच्याकडे पाहिलं. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. “वहिनी,” तो कुजबुजला, “काय हे!” पण तो तिथून हलला नाही. उलट पलीकडच्या शेडमधल्या दोघांना त्याने हाताने बोलावून घेतलं.

“एकदा वायर हलवून बघते हं,” सून म्हणाली. ती गाडीपाशी गेली, खिडकीतून हात घातला आणि किल्ली काढून घेतली. ती सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. मास्तरांचं तोंड पलीकडे होतं. “आता ऐका, मास्तर. नीट ऐका. आता आला बघा.”

मास्तरांनी दांडीला कान घट्ट दाबला. डोळे मिटले. कपाळावरची शीर ताठ झाली. इतकं मन लावून त्यांना काही ऐकताना तिने कधी पाहिलं नव्हतं.

“हं,” ते म्हणाले. “आता वाजला. वायरच सैल होती.”

पलीकडच्या शेडमधला एक जण फस्सकन हसला, मग क्रेनवाला, मग ड्रायव्हर. मास्तरही थोडं हसले, आपलं काम झालं म्हणून. मग कोपरावर उठून बसले आणि त्यांना सुनेच्या हातातली किल्ली दिसली.

हसणं थांबायला वेळ लागला.

सुनेने पाना घेतला. नळीच्या आधीची जोडणी सैल केली, चाकं जामच राहिली. मग चाकापाशी ऑइल सोडायचा छोटा स्क्रू उघडला. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक हाताने फिरलं. “नळी,” ती मालकीणबाईंना म्हणाली. “आतून बंद झालीय.” जुनी काढली, नवी बसवली, ऑइल भरलं, हवा काढली. पाऊण तास लागला. गाडी मागे गेली, ट्रेलर मुकाट तिच्यापुढे उतारावरून पाण्यात शिरला, बोट तरंगली.

“यापुढे मी तुझ्याशीच बोलेन,” मालकीणबाई म्हणाल्या आणि मास्तरांना वळसा घालून निघून गेल्या.

मास्तर नळावर हात धूत होते. बराच वेळ धूत होते. सून शेजारी हात धुवायला उभी राहिली तेव्हा त्यांनी तिच्याकडे न बघता विचारलं, “कधीपासून माहीत होतं?”

“वर्ष झालं.”

“मग घरी सांगायचंस. चार भिंतींत.” त्यांचा आवाज खाली आला होता. “इतके दिवस का थांबलीस?”

“माणसं जमायला हवी होती,” ती म्हणाली.

नळाच्या आवाजात त्यांना ते ऐकू गेलं नाही. ते तिच्याकडे वळले, मान थोडी तिरकी करून, चांगला कान पुढे करून. “काय म्हणालीस?”

तिने नळ बंद केला. मग तेच वाक्य ती पुन्हा म्हणाली, सावकाश आणि मोठ्याने. उतारावर बोटीची दोरी बांधत असलेल्या क्रेनवाल्याने मान वळवून पाहिलं, इतक्या मोठ्याने.