नेपल्सच्या बाईला प्रदक्षिणा

तमाम परळकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत एक गृहस्थ मोबाइल हातात धरून स्टुलावरच्या मूर्तींना प्रदक्षिणा घालत असत आणि त्यात भक्तीचा लवलेश नसे. एक फेरी गुडघ्यांवर, एक वाकून, एक ताठ उभं राहून. पावलागणिक एक फोटो. आम्ही त्यांना प्रदक्षिणाकाका म्हणायचो.

बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसं भजनी मंडळात शिरतात किंवा सुनेच्या स्वयंपाकात. काकांनी जुन्या शोभेच्या मूर्तींच्या डिजिटल प्रतिकृती करायला घेतल्या. कुणाच्या आजोबांनी लंडनहून आणलेला टोपीवाला शिपाई, कुणाच्या मामांचा जपानी म्हातारा. शोकेसमधल्या असल्या मंडळींचे ते चहूबाजूंनी शेकडो फोटो काढत. संगणक ते एकमेकांशी जुळवून पडद्यावर अख्खी मूर्ती उभी करी आणि दादरचा एक दुकानदार मशीनवर तिची प्रत काढून देई. "एखादं फिरतं टेबल घ्या की," मी एकदा सुचवलं. काका म्हणाले, "मूर्तीनं फिरायचं नसतं. ती पाहुणी. धावपळ यजमानानं करायची."

मूर्तीचं नाक तुटलेलं असलं, तर प्रतीतही ते तुटलेलंच येई. "काका, तेवढं नाक बसवून द्या ना," असं एका वहिनींनी लाडीगोडीनं म्हटलं. काकांनी शांतपणे विचारलं, "तुमच्या अल्बममध्ये मिस्टरांना केस बसवून देऊ का?" वहिनी खरोखरच विचारात पडल्या.

समोरच्या खोलीत एक मालवणी काकू राहत. त्यांचे यजमान बोटीवर खलाशी होते. त्यांनी नेपल्सहून वीतभर उंचीची भरीव पितळी बाई आणली होती. हातात फुलं, अंगावर नावापुरतं वस्त्र. काकूंनी तिला खणाचा तुकडा नेसवून थेट देव्हाऱ्यात बसवलं. यजमान गेले, बाईचं हळदकुंकू चालू राहिलं. मग मुलगा कायमचा कॅनडाला निघाला. "बाबांची आठवण मी नेतो, आई. तुला काका हुबेहूब दुसरी करून देतील." काकू बरं म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून देव्हाऱ्यासमोरून उठेनात.

फोटोला बसायचं म्हणून काकूंनी देवीला चिंच लावून घासली. ती आरशासारखी लखलखली आणि काकांचा चेहरा उतरला. चकाकीवर संगणकाला काही सापडेना. पडद्यावर देवीच्या तोंडाच्या जागी बेसनाचा लाडू आला.

"पावडर मारावी लागेल," काका म्हणाले.

"देवीक पावडर? ती काय दशावतारात काम करता?"

"मग हळदकुंकू चालेल?"

काकूंनी देवीला नखशिखान्त माखलं. चमक गेली, लाल-पिवळे ठिपके आले, आणि संगणकाला बोट ठेवायला जागा मिळाली. रंगवून आलेली प्रत अशी उतरली, की मुलगाही क्षणभर गोंधळला. उचलल्यावर मात्र कळे. खरी वरवंट्यासारखी, प्रत पापडासारखी.

काका मागच्या वर्षी गेले. त्यांनी कुणाची बाजू घेतल्याचं मला एकदाच आठवतं, तेही बाजू घेतोय असं अजिबात न दाखवता. मुलगा निघायची संध्याकाळ होती. खरी देवी टॉवेलात गुंडाळून बॅगेत गेली होती आणि काकू भिंतीला टेकून तिकडे न बघता उभ्या होत्या. एवढ्यात, उभ्या जन्मात कुणाला पेढा न दिलेले काका लालबागहून ताज्या मालवणी मसाल्याचं भलंमोठं पुडकं घेऊन आले. "तिकडे असा मिळत नाही," म्हणत त्यांनी ते स्वतःच्या हातानं बॅगेत कोंबलं, चेन लावली, खिशातून वजनकाटा काढला आणि बॅग त्याला टांगली. काटा विमानवाल्यांच्या मर्यादेच्या बराच पुढे गेला.

"अरेरे," काका छताकडे बघत म्हणाले. "काहीतरी एक काढावं लागणार."

मुलाने चेन उघडली. त्याचा हात पुडक्याकडे गेला, तशा इतके दिवस मिठाची गुळणी धरून बसलेल्या काकू कडाडल्या, "मसाल्याक हात लावलंस तर बघ! देवीक काढ भायर!"