खालून वर

चीनमधल्या थांगयिन गावात देवळामागे म्हातारा खांग काड्या मोजून भविष्य सांगे. काड्यांवरून सहा रेघांचं एक चिन्ह निघे. रेघा खालून वर मांडायच्या, ही बापजाद्यांची रीत. बायको गेल्यापासून त्याच्याशी बोलायला घराच्या भिंती तेवढ्या उरल्या होत्या.

मुलगी युएलान दूर शेनझेनला. तिने फोनवर लिहिलं, "बाबा, नववर्षाला येऊ का? काड्या काय म्हणतात?"

खांगने हात धुऊन काड्या मोजल्या. खाली तीन अखंड रेघा, वर तीन तुटक. म्हणजे दारं उघडी, खुशाल यावं! कुणा शहाण्यांनी ही चिन्हं एकेक अंक देऊन फोनमध्ये बसवली होती म्हणे, पण त्याच्या जुनाट फोनवर त्या जागी रिकामा चौकोन उमटे. "मेल्या, तुझ्या भरवशावर पोरीला बोलावू?" असं फोनला खडसावून त्याने एकेक रेघ वेगळ्या निरोपाने धाडली. रीतीप्रमाणे खालची आधी. मग नववर्षाच्या डंपलिंगच्या सारणासाठी कांद्याची पात चिरायला बसला.

उत्तर आलं. "तुटक रेघा खाली, म्हणजे दारं बंद. नाही येत, बाबा."

खांगने फोनचा पडदा पाहिला. आधी धाडलेली रेघ सगळ्यात वर बसली होती. चिन्ह पुरतं उलटं झालं होतं!

"अगं वेडे, खालून वर वाच," त्याने घाईघाईने टाइप केलं. पाठवणार तोच तिचा दुसरा निरोप आला: "बरंच झालं. नाही कसं म्हणू, याच विवंचनेत होते."

त्याने लिहिलेलं पुसलं. मग लिहिलं, "काड्या तसंच म्हणाल्या, पोरी."