हनीफभाईंची पाठ

नीट दुरुस्त झालेल्या गाडीचा किस्सा होत नाही. ती गिऱ्हाईक घेऊन जातं, विसरतं, आपणही विसरतो. किस्सा होतो तो परत आलेल्या गाडीचा. त्यातही ब्रेकचं काम करून परत आली असेल, तर गिऱ्हाईक आधी बोलतच नाही, नुसतं आपल्याकडे बघत उभं राहतं. नव्वदच्या दशकातली नऊ वर्षं मी कळंबोलीच्या एका गॅरेजमध्ये काढली. तसं बघणारी माणसं माझ्या वाट्याला भरपूर आली.

गॅरेज हनीफभाईंचं. पनवेलच्या खाडीकडचं त्यांचं गाव, कोकणी मुसलमान, वडिलांचा भाताचा व्यापार. त्यांना मात्र लहानपणापासून भातापेक्षा भात वाहणाऱ्या ट्रकमध्ये रस. हाताखाली आम्ही दोघं. एक बाळाराम, तिथल्याच आगरी गावातला, ब्रेकचा उस्ताद. दुसरा मी, जगताप, कराडकडचा, कामोठ्यात एका खोलीत राहणारा आणि स्वतःला उस्ताद समजणारा.

* * *

आमच्याकडे ब्रेकच्या ट्रायलची एक पद्धत होती. अशी पद्धत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही, आणि कुणी सुरू करावी असंही मला वाटत नाही.

गॅरेजच्या मागे लांब बोळ, बोळाच्या टोकाला कंपाउंडची भिंत. भिंतीच्या अलीकडे जमिनीवर चुन्याचा पट्टा, बाजूला उघडं गटार. ज्यानं ब्रेक केला त्यानंच गाडी चालवत आणायची आणि पट्ट्यावर थांबवायची. पट्टा आणि भिंत यांच्यामध्ये कटिंग घेऊन खुद्द हनीफभाई उभे. बाळाराम गाडी आणायचा तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून, गाडीकडे पाठ करून चहा प्यायचे. गाडी थांबली की न वळता म्हणायचे, "चावी दे साहेबांना."

माझ्या पहिल्या ट्रायलला त्यांनी तीच इज्जत मलाही दिली. मी पट्टा ओलांडला. पुढचं सगळं फार लवकर झालं. हनीफभाई गटारात, गाडीचा बंपर भिंतीला. चहा मात्र त्यांच्या हातात शाबूत होता.

गटारातूनच ते म्हणाले, "जगताप, ब्रेक खोलला की गाडी हलवायच्या आधी पेडलला तीन सलाम करायचे."

म्हणजे पेडल तीनदा जोरात दाबून घ्यायचं. नवं काम झालं की आतल्या वस्तू आपल्या जागेवरून मागे सरकलेल्या असतात. पहिला दाब पोकळ जातो, दुसरा अर्धवट, तिसऱ्याला ब्रेक धरतो. हे मला कुणीतरी आदल्या दिवशी सांगायला हवं होतं.

त्या दिवसापासून माझ्या ट्रायलला हनीफभाई गाडीकडे तोंड करून उभे राहू लागले. एक पाय गटाराच्या कडेवर, उडी मारायच्या तयारीत. असं तीन वर्षं चाललं. पगार त्यांनी दोनदा वाढवला, दिवाळीला मिठाई दिली, माझ्या लग्नाला कराडपर्यंत आले. पण पाठ केली नाही. खरं सांगतो, मला ते फार लागायचं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "माणूस तुमच्याकडे बघतोय, यात वाईट काय?" तिला काय समजावणार.

* * *

वाशीचे सबनीस बँकेत होते. त्यांच्या पद्मिनीचे ब्रेक बाळारामनं केले आणि चौथ्या दिवशी गाडी परत.

"ब्रेक मारला की आवाज येतो," सबनीस म्हणाले. "पण फक्त वडील गाडीत असले की."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. बाळारामनं चाकं खोलली, घासली, परत बसवली. गाडी पुन्हा आली. शेवटी हनीफभाई म्हणाले, उद्या वडिलांना घेऊनच या.

वडील आले. मागच्या सीटवर ताठ बसलेले. सबनीस चालवायला, शेजारी बाळाराम कान देऊन. अर्ध्या तासानं गाडी परत आली. बाळाराम उतरला आणि हनीफभाईंना बाजूला घेऊन म्हणाला, "शेट, आवाज ब्रेकचा नाय. म्हाताऱ्याचा हाय."

वडील निवृत्त एसटी ड्रायव्हर. मुलानं ब्रेक उशिरा मारला की ते मागून "च्यक" करायचे. मुलगा प्रत्येक वेळी उशिराच मारायचा. आयुष्यभर त्यानं तो आवाज ऐकला असणार, पण गाडीत बसल्यावर ओळखला नाही.

आता हे गिऱ्हाइकाला सांगणार कोण? हनीफभाई गेले. गाडीला एक चक्कर मारली, खाली वाकून बघितलं आणि सबनिसांना म्हणाले, "साहेब, हा पार्ट ओरिजिनल आहे. बदलू नका."

* * *

ब्रेक लागत नाही म्हणणारे रोज यायचे. ब्रेक सुटत नाही म्हणणारे गोखले एकटेच.

गोखले नेरुळच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी. आम्ही ब्रेक करून दिल्यावर महिनाभरात त्यांची गाडी जागची हलेना. टो करून आणली. चारही चाकं जाम. बाळारामनं ब्रेक ऑइलची बाटली उघडली, बोट बुडवलं, वास घेतला आणि मला बोलावलं.

"जगताप, यात पापड तलून निंगतील."

गोखल्यांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "लेव्हल कमी दिसली. रविवार होता, दुकान बंद. घरात शेंगदाणा तेल होतं. डबल फिल्टर आहे, साधं नाही."

आतले सगळे रबर फुगून बसले होते. ते बदलताना गोखले शेजारी खुर्ची टाकून बसले, दर पाच मिनिटांनी "डबल फिल्टर होतं हो" म्हणत. जाताना त्यांनी उरलेली तेलाची बाटली हनीफभाईंना देऊ केली. हनीफभाईंनी ती घेतलीही. महिनाभर आमच्या चहासोबत भजी होती.

* * *

आता मी किती शहाणा ते सांगतो. माझा दहा-अकराचा पाना हरवला. चार दिवस मी बाळारामशी बोललो नाही, कारण त्याच्या पेटीत तसाच एक पाना होता. पाचव्या दिवशी मीच ब्रेक केलेली एक अँबेसिडर परत आली. वेगात असताना काही नाही, ब्रेक मारून गाडी हळू झाली की पुढच्या चाकात खडखड.

मी अर्धा तास खाली झोपून बघितलं. मग हनीफभाईंनी स्क्रू ड्रायव्हरनं व्हीलकॅप उचकटली. आत माझा पाना, छान चकचकीत झालेला. वेगात तो कडेला चिकटून फिरायचा, हळू झालं की आपटायचा.

बाळाराम म्हणाला, "तुजा पाना कवरा फिरून आला रं. तू तरी कदी एवरा फिरला का?"

त्या गाडीच्या ट्रायललाही हनीफभाई तोंड करून उभे राहिले. त्या दिवशी मला काही म्हणायला जागा नव्हती.

* * *

पनवेलच्या डॉक्टरबाईंची एट हंड्रेड ब्रेक मारला की डावीकडे ओढायची. काम बाळारामचं. तीनदा आली, तीनदा आम्ही डावी बाजू खोलली, काही सापडेना. चौथ्या वेळी बाई स्टुलावर बसल्या आणि बाळारामला पेशंटसारखं विचारायला लागल्या. काम कधी सुरू केलं? आधी कोणती बाजू? मध्ये उठलात का?

"जेवलो," बाळाराम म्हणाला.

"काय जेवलात?"

"बोंबील. तललेले."

"म्हणजे डावी बाजू जेवणाआधी आणि उजवी जेवणानंतर. उजवी उघडा."

उघडली. उजव्या पॅडवर तेलकट बोटांचे डाग, अगदी ठसे घेतल्यासारखे. उजवं चाक नीट धरत नव्हतं, म्हणून गाडी डावीकडे जायची. बाईंनी आमचं जॉब कार्ड मागून घेतलं आणि त्यावर लिहिलं, "जेवणानंतर साबणाने हात धुणे. आयुष्यभर." खाली सही केली. ते कार्ड हनीफभाईंनी भिंतीवर लावलं.

पण पॅड आता बदलणं आलंच. बाई म्हणाल्या, या वेळी दुसऱ्या माणसाला करू द्या. तो दुसरा माणूस मी.

* * *

आणि हा किस्सा त्याच गाडीचा.

मी दोन्ही बाजूंचे नवे पॅड घातले. हात दोनदा धुतले, जेवलो नसतानाही. बाई बोळाच्या तोंडाशी घड्याळ बघत उभ्या, त्यांना दवाखाना गाठायचा होता. मी गाडीत बसलो, चावी फिरवली आणि समोर बघितलं.

हनीफभाई कटिंग घेऊन पट्ट्यापलीकडे गेले. गटाराच्या कडेवर पाय ठेवला नाही. भिंतीकडे वळले आणि पाठ करून उभे राहिले.

बाळाराम माझ्या खिडकीशी वाकून हळूच म्हणाला, "आरं, शेटनी पाठ केली."

तीन वर्षं मी याचीच वाट बघत होतो. बायकोला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत मी गिअर टाकला आणि निघालो.

पट्टा दहा पावलांवर आला तेव्हा मी ब्रेकवर पाय ठेवला. पेडल सरळ खाली गेलं, फळीपर्यंत, पोकळ. तीन सलाम मी केलेच नव्हते. मी हँडब्रेक दोन्ही हातांनी खेचला. मागची चाकं घासली, गाडी पट्ट्यावरून सरकली आणि थांबली. बंपर आणि हनीफभाईंची विजार यांच्यामध्ये एक वीत असेल नसेल. आरशात बाळाराम दिसत होता, त्यानं डोळे मिटून घेतले होते.

हनीफभाईंनी चहाचा घोट घेतला. वळले नाहीत.

"हँडब्रेक चांगला धरतो," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "आता सलाम कर आणि परत आण."

मी गाडी रिव्हर्समध्ये बोळाच्या तोंडापर्यंत नेली. पेडल तीनदा दाबलं. मग चौथ्यांदा दाबलं. समोर बघितलं.

हनीफभाई तिथंच उभे होते. पाठ माझ्याकडे.