दुपारचं माप

१९९४ साल. माझं वय तेव्हा त्रेपन्न. शाळा तिसरीपर्यंत. अकरा वर्षांपूर्वी खानदेशातून सुरतेला आलो, नवागामात खोली घेतली आणि जवळच्या सचिन गावातल्या एका रंगाच्या कारखान्यात चिकटलो. काम स्पिरिटच्या टाकीचं.

स्पिरिट म्हणजे दारूचाच सख्खा भाऊ. कुणी ते पिऊ नये म्हणून कारखान्यात येण्याआधीच त्यात घाण वासाचं विषारी औषध घातलेलं असे. तरी चोरणारे चोरत, बाहेर विकत, आणि पिणारे मरत. म्हणून सरकारी नियम असा, की टाकी रोज मोजायची आणि माप वहीत लिहायचं. सकाळी सातला मी काठीला खडू फासून टाकीत सोडायचो. खडू ओला जिथवर, तिथवर स्पिरिट. किल्ली एकच, ती माझ्या करदोट्याला. गल्लीतल्या म्हाताऱ्या गुडघ्याला चोळायला शिशीभर मागायच्या. इतक्या वर्षांत मी कापसाचा बोळासुद्धा भिजवून नेला नाही.

मे महिन्यात नवा इन्स्पेक्टर आला. आधीचे साहेब पंख्याखाली बसून वहीवर सही करून जात. हा भर दुपारी तीनला पत्र्याच्या शेडमध्ये शिरला आणि काठी स्वतः टाकली. सकाळपासून थेंबही काढला नव्हता, तरी वहीतल्या मापापेक्षा स्पिरिट दोन बोटं वर.

“काका, बे आंगळ वधारे केम?”

“जास्तच आहे ना साहेब? कमी तर नाही.”

तो हसला. “कमी असतं तर साधा चोर म्हणालो असतो. तुम्ही हुशार चोर. काढलंत, वर पाणी ओतलंत, आणि ओतताना हात जड पडला.”

त्यानं तिथंच कागद लिहिला. टाकीत पाणी मिसळलेलं सापडलं, टाकी माझ्या ताब्यात, खाली माझ्या सहीला जागा. मॅनेजर कानाशी आला, “सही करी नाखो ने, काका. शेठ पतावी देशे.” शेठनं स्वतःपुरतं मिटवलं असतं. माझी मात्र नोकरी गेली असती, आणि नवागामात चोर म्हणून फिरावं लागलं असतं.

“मला वाचता येतं,” मी म्हणालो, “म्हणूनच सही करत नाही.”

इन्स्पेक्टरनं कुलपावर लाखेचं सील मारलं. “उद्या अकराला येतो. सही नाही, तर पोलीस.”

संध्याकाळी घरी आलो. बायको भाकरी थापत होती.

“काय व्हयनं? तोंड कशाले पाडेल शे?”

सगळं सांगितलं. तिनं तव्यावरची भाकर उलटली. “दुपारनं माप कोण धरस? मन्ही माय रॉकेल आनाले सकायमाच धाडे. दुपारले ते फुगस. माप भरस, पन दिवा लवकर विझस.”

“माले माहीत शे,” मी म्हणालो.

माहीत नव्हतं. मी टाकी नेहमी सकाळीच मोजली होती, दुपारी मोजायची वेळच कधी आली नव्हती. आमच्या गावी रॉकेल आणायचं काम बायकांचं, त्यामुळे तेही कधी कळलं नव्हतं. तिनं वर पाहिलं आणि एक भाकर जास्त वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी इन्स्पेक्टरच्या दारात उभा राहिलो. पत्ता आमच्या वॉचमननं दिला होता. साहेब तोंडात ब्रश घेऊन बाहेर आले.

“अत्यारे?”

“आत्ताच. अकराला स्पिरिट उन्हानं पुन्हा फुगेल.”

त्यानं चूळ भरली आणि स्कूटर काढली. सील त्यानंच तपासलं, त्यानंच तोडलं. शेड अजून गार होती. खडू मी फासला, काठी त्याच्या हातात दिली. ओली रेघ नेमकी वहीतल्या आकड्यावर थांबली. त्यानं काठी पुसून पुन्हा एकदा सोडली. तेच.

तो माफी वगैरे मागणाऱ्यातला नव्हता. सोबत आणलेला कालचा कागद घडी करून खिशात घालू लागला, तेव्हा मी हात पुढे केला. त्यानं तो माझ्या हातावर ठेवला.

मी कागद फाडला, वही उघडली, मापापुढे ‘सकाळी सात’ असं लिहिलं आणि खाली पूर्ण नावाची सही केली.