मिलिंद संथ नव्हता

मिलिंद गेल्याचं त्याच्या मुलीनं, उज्ज्वलानं, फोनवर कळवलं तेव्हा मी उमरग्याच्या एसटी स्टँडवर होतो. "काका, पप्पा गेले," एवढंच ती बोलली. मी तिथंच बाकावर बसून राहिलो... त्या दिवशी नुसतं दुःख होतं. राग आला तो पुण्यानुमोदनाच्या दिवशी. आमच्या साखर कारखान्याचे जुने एमडी साहेब, आता काठी टेकत चालणारे, श्रद्धांजलीला उभे राहिले आणि म्हणाले, "मिलिंद कामात जरा संथ होता, पण माणूस गुणी." लोकांनी माना डोलावल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माणूस गेला, पण ते एक बिरुद काही त्याला सोडायला तयार नाही. तेव्हा आता हे लिहितोच.

ऐंशीच्या दशकातला तो दुष्काळ. तालुक्यातल्या गुरांच्या छावण्यांना कडबा पुण्याच्या एका संघाकडून ट्रकांनी यायचा. कुठल्या गावाला किती कडबा हवा, ती यादी रोज सकाळी आमच्या कारखान्याच्या टेलेक्सवरून जायची. टेलेक्स म्हणजे टाइपरायटरसारखंच यंत्र. इथं टाइप केलेलं तारेवरून तिकडच्या यंत्रावर उमटायचं. मिलिंद त्याचा ऑपरेटर. अणदूरचा, बीएस्सी झालेला, अंगानं किरकोळ, तोंडानं फटकळ आणि स्वतःच्या बोटांचा भलताच अभिमान असलेला. मी शेजारच्या भांडार विभागात. माझ्या घरी कानडी बोलतात. तो माझ्याकडून कानडी शिव्या शिकून घ्यायचा आणि यंत्र अडलं की त्याच्यावरच वापरायचा.

एके दिवशी साहेबांनी यंत्राची पुस्तिका चाळली. तिच्यात वेग लिहिला होता, पन्नास बॉड. साहेबांनी त्याचा अर्थ लावला, सेकंदाला पन्नास अक्षरं. गुणाकार-भागाकार झाला आणि संचालकांच्या बैठकीत जाहीर झालं की यादी दोन मिनिटांत जायला हवी. ती जायला पाव तास लागतो, म्हणजे पोरगा रेंगाळतोय. उदार होऊन त्यांनी यादीला पाच मिनिटं दिली. त्यानंतर लाइन साखरेच्या विक्रीच्या निरोपांना.

मिलिंदला बैठकीत बोलावलं. तो म्हणाला, "साहेब, बॉड म्हंजे ठोके, अक्षरं न्हाय. एका अक्षराला साडेसात ठोके लागत्यात. पन्नासाला साडेसातानं भागा. सेकंदाला सात अक्षरंबी होत न्हाय."

"अर्धा ठोका कुठं असतो का रे?" साहेब म्हणाले, आणि सगळी बैठक हसली.

"पन्नास विटा रचल्या म्हंजे पन्नास घरं होत न्हाय, साहेब."

यावर कोणी हसलं नाही. "हात चालव हात," असं म्हणून त्याला बाहेर काढलं. आता यातली अक्कल बघा. यादी आधीच कागदी टेपवर छिद्रं पाडून तयार असायची आणि यंत्र ती टेप आपल्या चालीनं ओढायचं. मिलिंद हात खिशात घालून उभा राहिला असता तरी वेग तोच राहिला असता. पण गावकुसाबाहेरच्या त्याच्या वस्तीतला माणूस म्हणजे कामचुकार, हे त्या टेबलाभोवती यंत्र यायच्या आधीच ठरलेलं होतं. पुस्तिकेनं त्यांना फक्त निमित्त दिलं.

यादीचाही एक रिवाज होता. गावं मानाप्रमाणे लिहायची. संचालकांची गावं वर, आणि ज्यांचा कोणी संचालक नाही असे तांडे, वाड्या, गावकुसाबाहेरच्या वस्त्या तळाला. पाच मिनिटं झाली की लाइन तुटायची आणि तळ इथंच राहायचा. तिकडं त्या छावण्यांत ट्रक जाईनात. एका तांड्यावरची म्हातारी गेटवर आली. मिलिंदला म्हणाली, "लेकरा, आमचं नाव का येईना? गाय उठंना झालीया."

मिलिंदनं दुसऱ्या दिवशी टेप पाडली ती तळापासून वर.

तांड्यांवर ट्रक पोचले आणि चेअरमनच्या गावची छावणी कोरडी राहिली. लगेच चेअरमनची जीप कारखान्यात. त्याच संध्याकाळी यादीचा पाव तास परत मिळाला. भागाकार चुकला होता असं मात्र कोणाच्या तोंडून निघालं नाही. मिलिंदची बदली उसाच्या वजनकाट्यावर झाली. कारण लिहिलं, कामात संथ. यादी उलटी पाठवली म्हणून बदली, असं लिहिलं असतं तर ती सुलटी कशी होती हेही सांगावं लागलं असतं ना.

मी त्याला म्हणालो, "कोर्टात जा. मी साक्षीला येतो."

"आप्पा, गुरं जगली का न्हाय? मग मला काय म्हणायचं ते म्हणू दे."

"तुझा मोठेपणा घाल चुलीत," मी म्हणालो. मला त्याचाही राग आला होता, आजही आहे. निवृत्त होईपर्यंत तो त्या काट्यावरच राहिला. ज्याची बोटं यंत्राच्या पुढं धावायची, तो बैलगाड्या मागं-पुढं घेत बसला. पुढं पगारवाढ अडली, बढती अडली, प्रत्येक वेळी तेच बिरुद आडवं आलं. आणि हे लोक म्हणणार, माणूस गुणी.

पुण्यानुमोदनाच्या त्या दिवशी भाषणं संपल्यावर मांडवात पंगत बसली. साहेब, संचालक, जुने पुढारी पुढच्या टोकाला. तांड्यावरची माणसं, लेकरं, उशिरा आलेले हमाल पार मागं, आणि त्यांच्यातच मी. उज्ज्वलानं खिरीची बादली उचलली आणि पुढाऱ्यांच्या समोरून सरळ मागं चालत गेली. कोणीतरी म्हणालं, "अगं पोरी, हिकडून सुरू कर की."

"आमच्यात शेवटून वाढत्यात," ती म्हणाली. "पप्पांनी तसंच शिकवलंय."

खीर पुढं पोचायला बराच वेळ लागला. साहेब रिकाम्या ताटापुढं बसून होते. मी त्यांच्याकडं बघत सावकाश जेवलो.