कडेला घेतलेली गाडी

गल्लीतल्या टायरवाल्याला सगळे समालोचक म्हणत. पाठीमागे हं! तोंडावर म्हणायची कुणाची छाती? चाकं काढायची, पंक्चर काढायचं, आणि हातातला पाना नाचवत मोटारशर्यतीतल्या यच्चयावत लोकांचा उद्धार करायचा, हा त्याचा जन्मभराचा उद्योग. स्वतःची मजल बाजारापर्यंत, तीही स्कूटरवरून. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

"पंच? आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय!" तो म्हणे. "आणि ते कानाला हेडफोन लावून बसलेले पंडित? टायर कधी बदलायचा हे कळत नाही लेकाच्यांना. माझ्या दुकानात झाडू मारायलासुद्धा ठेवणार नाही मी." समोरचा किल्लीवाला कानस घासत मान डोलवायचा. त्याला गिऱ्हाईक कमी होतं, आणि ही करमणूक फुकटची होती.

समालोचकाचा जीव जांभळ्या संघावर, आणि त्या संघात वाघावर. वाघ हे नाव त्यानंच ठेवलेलं. एकदा वाघाच्या गाडीचं चाक डुगडुगायला लागलं, थांब म्हणून सगळे ओरडत होते, पण हा पठ्ठ्या थांबला नाही. भिंतीवर जाऊन आदळला, गाडीचा पार चुराडा. नशीब म्हणून जिवंत राहिला. ती गोष्ट सांगताना समालोचकाची छाती अजून फुगायची. आणि ज्याच्यावर त्याचा दात होता, तो दुसऱ्या संघातला रडक्या; हे नावही त्यानंच ठेवलेलं. "स्टिअरिंग जरा थरथरलं की बाळानं गाडी घेतलीच कडेला! बापाच्या पैशावर आलेलं पोर. त्याला पाळण्यात बसवा, पाळण्यात!"

कर्म असं की, पोटची पोरगी नेमकी रडक्याची भक्त. त्याचा नंबर तिनं आपल्या गाडीच्या मागच्या काचेवर चिकटवला होता. बापानं दोनदा खरवडून काढला, तिनं तिसऱ्यांदा लावला.

परवा ती आईला मावशीकडे घेऊन निघाली होती. हमरस्त्यानं जायचं, म्हणून पुढच्या चाकाचं पंक्चर आधी काढून घ्यायला दुकानात आली. समालोचकानं चाक बसवलं, नट हातानं फिरवले, जॅक उतरवला. आता पान्यानं करकचून आवळायचं, एवढंच बाकी. तेवढ्यात किल्लीवाला मोबाईल नाचवत आला.

"ऐकलंत का? जांभळ्यांनी वाघाला काढला! त्याच्या जागी रडक्या!"

झालं! समालोचकाची तळपायाची आग मस्तकाला गेली. "पैसा फेकला असेल याच्या बापानं! आतून सगळे एका माळेचे मणी! वाघाला हाकलून शेळी बांधतायत गोठ्यात!" पोरगी गाडीत बसून हसत होती. तिनं विचारलं, "बाबा, झालं का?"

"झालं, झालं! जा! आणि त्या तुझ्या रडक्याला म्हणावं, लाज बाळग जरा!"

गाडी गेली. तो आणखी बराच वेळ बडबडत होता. मग पाना खाली ठेवायला वाकला आणि वाकल्या जागीच थिजला. पाना चाकाला लागलाच नव्हता.

पोरीला फोन लावला. ती उचलेना. गाडी चालवताना फोनला हात लावायचा नाही, हे त्यानंच तिला दटावून सांगितलेलं. बायको तर फोन वापरतच नव्हती. मग पाना तसाच हातात धरून तो पळत सुटला. एक चप्पल वाटेतच राहिली. तोंडानं देवाचा धावा चालला होता. पोरगी आणि बायको, दोघी त्या गाडीत होत्या, आणि गल्ली संपली की हमरस्ता.

गल्लीच्या तोंडाशी गाडी कडेला उभी होती. दिवे लुकलुकत होते, मागचे हॉर्न वाजवून शिव्या देत होते. पोरगी पुढच्या चाकापाशी उकिडवी बसली होती.

"स्टिअरिंग थरथरायला लागलं, बाबा," ती म्हणाली. "आई म्हणत होती, चल, काही होत नाही. पण मला बरं वाटेना. घेतली कडेला."

समालोचक खाली बसला. पाना काही केल्या नटावर बसेना. शेवटी पोरीनं त्याच्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून एकेक नट आवळला.

बायको फुटपाथवर पदर खोचून उभी होती. "अहो," ती म्हणाली, "तुमचा तो वाघ गाडी चालवत असता तर मी आत्ता कुठं असते हो?"

त्यानं पहिल्या नटाला पुन्हा पाना लावला.

रविवारी दुकानातल्या टीव्हीपुढे नेहमीची टोळी जमली. रडक्या जांभळ्या गाडीत, पहिलीच शर्यत, आणि अर्ध्यातच त्यानं गाडी कडेला घेतली. किल्लीवाल्याला उकळ्या फुटल्या. "घ्या! घेतली बाळानं कडेला! बोला आता, बोला!"

सगळ्यांनी समालोचकाकडे पाहिलं. पोरगी दारात उभी होती.

"त्याला कशाला बोलायचं?" समालोचक खेकसला. "चाक कुठल्या गाढवानं बसवलं होतं, ते विचारा आधी."